फुलपुडी पुन्हा पानात यावी

संपादक महोदय,

श्रावण तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र. नौपाड्यातील आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून फुलांचा रतीब आहे आणि रोज सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली असते. पूर्वी ती पळसाच्या किंवा कर्दळीच्या पानात, दोऱ्याने बांधून यायची. आता पातळ प्लास्टिकच्या पिशवीत येते. पिशवीत फुलांना घाम सुटतो, पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मोगऱ्याच्या आधी कुबट वासच नाकात शिरतो. देवाला वाहायच्या फुलाचा वास आधी घेऊ नये, असा आमच्याकडे दंडक होता. आता तसा मोह होण्याचे कारणच उरलेले नाही.

इंद्रियांचे सुख, अध्यात्म आणि निसर्गाची काळजी यांची सांगड कशी घालावी हे शिकवणारी शिबिरे हल्ली घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांतून भरतात. त्यांना माझा विरोध नाही, परंतु ही सांगड घरातल्या साध्या पंचोपचार पूजेत आधीपासूनच आहे. गंध पृथ्वीचे, फूल आकाशाचे, धूप वायूचा, दीप तेजाचा आणि नैवेद्य अमृताचा मानून ते अर्पण करायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. चंदनाचा थंडावा बोटांना, धुपाचा वास नाकाला आणि नैवेद्याची चव जिभेला कळल्याशिवाय ही पूजा पुरी होत नाही. एवढ्या भावाने केलेल्या पूजेचे निर्माल्य मात्र गाठ मारलेल्या पिशवीसकट पुलावरून खाडीत भिरकावणारे हात आपलेच असतात. याच ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि हिवाळ्यात येथेच रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरतात. निर्माल्यातील दोरे काढून फुले सावलीत वाळवली आणि कुंडीत मातीच्या थरांत घातली, तर काही आठवड्यांत त्यांचे खत होते. पिशवीचे काहीच होत नाही.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. ती फुलबाजारात कशी पाळली जाते, हे सर्वांना दिसतेच. विक्रेत्यांना नुसता दंड करून भागणार नाही, कारण पाने मिळत नाहीत ही त्यांची तक्रार खोटी नाही. मृगाच्या सुमारास जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे ही रानभाजी घेऊन बसतात आणि त्या भाजीने घसा खाजू नये म्हणून सोबत काकडाची आंबट फळेही देतात. निदान श्रावण-भाद्रपदात महापालिकेने अशा बायकांना फुलबाजाराजवळ पाने विकण्यासाठी हक्काची जागा द्यावी आणि त्यांच्याकडून बाजारशुल्क घेऊ नये. पुडीमागे रुपया-दोन रुपये जास्त द्यावे लागले, तर आम्हा गिऱ्हाइकांनी कुरकुर करू नये.

मी स्वतः गेल्या महिन्यापासून कडीला सुती पिशवी लावून ठेवते. पहिले चार दिवस फुलवाल्याने प्लास्टिकची पुडीच त्या पिशवीत ठेवली. पाचव्या दिवशी पहाटे उठून त्याला दारात गाठले, तेव्हापासून फुले सुटी येतात. दूर्वांच्या जुडीला मात्र अजून रबरबँड असतो.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे