पणजीचं माहेर काही केल्या सापडेना

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत घरबसल्या आपल्या घराण्याचा इतिहास कसा शोधायचा यावर लेख आला होता, वाचला, आवडला. त्यात ज्यू कुटुंबांसाठी दोन-तीन इंग्रजी साइटची नावं देऊन विषय संपवलेला, म्हणजे नाव टाकलं की सात पिढ्या समोर हजर असाच वाचणाऱ्याचा समज होणार. मी स्वतः बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू आहे, जन्म भायखळ्याचा, बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली आणि गेले आठ महिने रोज दुपारी जेवण झालं की हेच उद्योग करतेय, म्हणून म्हटलं दोन शब्द लिहावेत. दोनाचे जास्त होतील, कात्री लावायची ती लावा.

सुरुवात झाली ती भावाच्या नातीमुळे. ती इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिकडे शाळेत सातवीच्या आसपास मुलांना 'मुळांचा' प्रोजेक्ट देतात, आपलं घराणं कुठून आलं, आजी-पणजी कोण होत्या, फोटो लावा, झाड काढा वगैरे. पोरीने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल करून विचारलं, आत्याआजी, तुझ्या आजोबांच्या आईचं नाव काय आणि तिचं गाव कुठलं? मला नाव सांगता आलं, सोनाबाई. पुढे काही नाही. मग लाज वाटली आणि बसले शोधायला.

पहिली गेले ज्यूइशजेनवर. १९८७ पासून चालू असलेली साइट, फुकट आहे, रजिस्टर करावं लागतं एवढंच, आणि जगभरच्या ज्यू कब्रस्तानांची मोठी यादी तिथे आहे. लिथुआनिया, पोलंड, युक्रेन तिकडच्या लोकांसाठी ती सोन्याची खाण आहे हे मान्य. तिथे नाव शोधायची एक युक्ती पण आहे, १९८५ मध्ये डेच आणि मोकोटॉफ या दोघांनी बसवलेली, अक्षरांऐवजी उच्चारावर शोधते, म्हणजे स्पेलिंग थोडं इकडेतिकडे असलं तरी माणूस सापडतो. पण ती बसवली पूर्व युरोपातल्या आडनावांसाठी. ती आमचं स्पेलिंग बऱ्यापैकी पकडते, पण सामाजी म्हणजेच सॅम्युअल हे तिला कोण सांगणार? अबाजी म्हणजे अब्राहम, एलोजी म्हणजे एलिया, इसाजी म्हणजे इसहाक, मुसाजी म्हणजे मोझेस. आमच्याकडे जुन्या पिढीत एकाच माणसाची दोन नावं असायची, मशिदीतलं हिब्रू नाव वेगळं आणि गावात, घाण्यावर, बाजारात हाक मारायचं वेगळं. मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं ते सॅम्युअल इझिकेल दिवेकर, त्यांनाच सामाजी हसाजी दिवेकर म्हणतात. कॉम्प्युटरला विचारा, तो म्हणेल ही दोन वेगळी माणसं. मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटला त्यांचंच नाव.

आणि हो, वर मी मशिदीत लिहिलं ते चुकून नाही. आमच्या जुन्या मराठीत सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, त्या पहिल्या सिनेगॉगला आजही जुनी मशीद म्हणतात आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. हे माहीत नसेल तर जुन्या मराठी कागदात 'सिनेगॉग' शोधत बसाल आणि काही मिळणार नाही. तसंच 'इस्रायल' शोधताना 'इस्राएल' पण टाकून बघायचं, 'यहुदी' टाकायचं, 'शनिवार तेली' टाकायचं. कोकणात आमचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट वाचायला मिळतं, त्यात आमच्याबद्दल माहिती आहे पण स्पेलिंग 'बेनी इस्रायल' असं, मी दोन दिवस 'बेने' टाकून कपाळ बडवत होते.

आडनावांचं तर विचारू नका. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर, म्हणजे गाव आणि पुढे कर. एका दृष्टीने हे किती सोपं आहे बघा, पोलंडच्या माणसाला गाव शोधायला जन्म जातो आणि आमचं गाव आडनावातच लिहिलेलं. (म्हणूनच खाली मी आडनाव दिलेलं नाही, अलिबागकडची आमची माणसं एका मिनिटात ओळखतील आणि फोन सुरू होतील.) पण मुंबईत आल्यावर कित्येकांनी गाव टाकून दिलं आणि बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं, त्यामुळे सख्ख्या भावांच्या मुलांची आडनावं वेगळी. सिनेमातले आपले डेव्हिड सगळ्यांना माहीत आहेत, पण पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे किती जणांना माहीत? पडद्यावर नुसतं डेव्हिड. आता त्यांच्या घराण्याचा माणूस शोधायचा तर कुठून सुरुवात करणार. त्यात चेऊलकर इंग्रजीत कोणी 'व्ही' घालून लिहितं, कोणी 'डब्ल्यू', कोणी डबल 'ओ'.

एका मोठ्या साइटवर (नाव नको) माझ्या आजोबांची आयतीच वंशावळ निघाली. मी हरखले. बघते तर आजोबांचा जन्म बगदादला! आजोबा आयुष्यात पुण्याच्या पुढे गेले नाहीत. झालं काय, कोणीतरी त्याच नावाचा एक बगदादी ज्यू आणि आमचे आजोबा जोडून टाकले, मुंबईचा ज्यू म्हणजे ससून या बगदादी घराण्याच्या गोतावळ्यातला असं धरून. मग ती चूक आणखी अकरा लोकांनी आपापल्या वंशावळीत कॉपी केली. चूक सुधारा म्हणून लिहिलं, पाच महिने झाले, उत्तर नाही. तेव्हा अशी आयती वंशावळ कुठे दिसली तर आधी त्याला कागद काय जोडलाय ते बघा, काहीच नसेल तर ती गोष्ट म्हणून वाचा. आणि जिवंत माणसांची नावं, जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव असलं काही कृपा करून उघड्यावर टाकू नका, बँकेत तेच प्रश्न विचारतात, मी तीस वर्षं विचारलेत.

डीएनए टेस्ट माझ्या भाच्याने केली. २०१६ मध्ये बेने इस्रायलांच्या डीएनएवर शास्त्रज्ञांचा अभ्यास छापून आला होता, त्यात ज्यू आणि भारतीय दोन्हीकडचा वारसा भरपूर आहे असं निघालं, ते आम्हाला आरशात बघून पण कळत होतंच. पण समाज लहान, लग्नं आपापसात, त्यामुळे भाच्याला साइटवर जो तो दूरचा चुलत-मावस भाऊ म्हणून दाखवतेय. त्यातून सोनाबाईचं माहेर कसं निघणार.

तुम्हा लोकांचं एक बरं आहे, नाशिक-त्र्यंबकला गेलात की उपाध्यांच्या चोपड्या असतात, पाच-सहा पिढ्यांची नावं मिळतात. आमच्याकडे चोपडी म्हणजे केतुबा, लग्नाचा करार, त्यात नवरा-नवरीचं आणि दोघांच्या वडिलांचं नाव असतं. सोनाबाईचा केतुबा होता म्हणे, माझा काका १९५० च्या सुमारास इस्रायलला गेला तेव्हा ट्रंकेतून घेऊन गेला. त्या कागदाची गरज पण पडली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या कचेरीने फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावताना त्याच्या आईचं, आजीचं आणि जमेल तितकं मागचं मूळ तपासायचं. दोन हजार वर्षं शनिवार पाळलेल्या लोकांना सांगायचं की आजीचा पुरावा आणा! मोठं आंदोलन झालं, जेरुसलेमला आमच्या लोकांनी धरणं धरलं, शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आणि पंतप्रधान एश्कोल यांनी आमची बाजू घेतली तेव्हा ते बदललं. काकाने तो केतुबा तेव्हा कुठल्यातरी ऑफिसात जमा केला आणि परत काही मिळाला नाही. त्यामुळे आमच्या घरात वंशावळ हा शब्द काढला की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा वेगळाच व्हायचा. पोरीला हे सांगितलं नाही अजून, प्रोजेक्टात नको.

मग शेवटी काय कामाला आलं, तर दगड. डिसेंबरात आम्ही तिघी चुलत बहिणी गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडून गेलो. आधी नवगावला, जिथे आमचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. तिथून आमच्या गावच्या कब्रस्तानात. गवत छातीएवढं. शेजारच्या वाडीतल्या एका आगरी आजोबांनी कोयता आणून वाट करून दिली आणि वर सांगितलं, तुमची बाई इथे आहे, कोपऱ्यात, माझी आई दिवा लावायची. दगडावर खाली मराठी, वर हिब्रू. मराठी ओळ जवळजवळ पुसलेली, 'सोना' एवढंच. हिब्रू ठीक होतं. तिथे नाव होतं सिम्हा. म्हणजे सोनाबाईचं मशिदीतलं नाव सिम्हा, आणि मी इतके दिवस सोना सोना करत बसलेले.

दगड वाचायचं सांगते, कारण हे कुठल्या साइटवर मराठीत मिळत नाही. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. पीठ, खडू, तारेचा ब्रश अजिबात नाही, दगड खातो. फोटो सकाळी लवकर, ऊन आडवं असताना, नाहीतर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरून. हिब्रू साल अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला आकडा. आमच्या दगडावर ताव, रेश, नून, बेत, म्हणजे ४०० अधिक २०० अधिक ५० अधिक २, झाले ६५२, पुढचे पाच हजार लिहीत नाहीत. त्यात १२४० मिळवले की इंग्रजी साल, १८९२. मी तसं वहीत लिहून मोकळी झाले. घरी आल्यावर आमच्या हजानांना, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोटो दाखवला तर ते म्हणाले, बाई, महिना बघितलास का, किस्लेव आहे, म्हणजे डिसेंबर, मग १२३९ मिळव. बरोबर, आमचं साल नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला बदलतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंत एक कमी. शकात ७८ मिळवायचे पण जानेवारी ते पाडवा असेल तर ७९, तसलंच. तर सोनाबाई वारली डिसेंबर १८९१ मध्ये. वय नाही, माहेर नाही, फक्त वडिलांचं नाव, एलिया. म्हणजे एलोजीची मुलगी.

आता एलोजी शोधतेय. यासाठी इंग्रजी साइट उपयोगाच्या नाहीत, लागणार आहे ते सगळं मराठीत आणि मोडीत आहे आणि ते आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. आमची बहुतेक माणसं इस्रायलला गेली, घरं, जमिनी, घाणे शेजाऱ्यांना देऊन गेली. जुने फेरफार आता काही ठिकाणचे ऑनलाइन दिसतात पण मोडी वाचणारा माणूस हवा. पोरीला मी १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हागादा दाखवली, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी, त्यातल्या चित्रात बायका लुगडी नेसून बिनखमिराच्या पोळ्या करतायत. ती म्हणाली, आत्याआजी, हे तर तुझ्यासारखं दिसतंय. बस, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तेच लावलंय तिने.

तर रायगडच्या, मुंबई-ठाण्याच्या वाचकांना विनंती. गावात इस्रायल आळी असेल, शेताच्या बांधाला हिब्रू अक्षरांचा दगड असेल, आजोबांच्या कागदात 'अमुक बिन एलोजी तेली' असं खरेदीखत असेल, माझगावच्या इस्रायली शाळेचा (आताची सर एली कदूरी) जुना ग्रुप फोटो असेल, तर रद्दीत देऊ नका. पुढून-मागून फोटो काढा, जशी अक्षरं दिसतात तशी लिहा, सामाजीचा सॅम्युअल करू नका, दोन्ही नावं कळत असतील तर दोन्ही लिहा. फोटो वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पाठवले तर संपादकसाहेब माझ्यापर्यंत पोचवतील एवढी आशा करते. अलिबाग तालुका, १८९१ च्या आधीचा एलोजी, मुलगी सोना, तेलाचा घाणा. बाकी काही माहीत नाही.

आपली,
एक जुनी वाचक,
आग्रीपाडा, मुंबई