कायद्याआधी शाळा

वेल्समधील शाळांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. वेल्श भाषा कायद्याने वाचवली, हे त्यातील विधान मात्र पटले नाही. तिथे शाळा आधी उभ्या राहिल्या आणि कायदा मागून आला.

एकोणिसाव्या शतकात वर्गात वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात काही शाळांत लाकडी पाटी अडकवत. दुसरे मूल वेल्श बोलताना सापडले की ती पाटी त्याच्या गळ्यात जाई. अशा देशात १९५६ मध्ये ऱ्हिल गावी ग्लॅन क्लूइड ही पहिली वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली. १९६२ मध्ये दक्षिणेत पाँटिप्रिदजवळ ऱ्हिडव्हेलेनची शाळा सुरू झाली, तीही कोळसा खाणींच्या, बहुतांशी इंग्रजी बोलणाऱ्या भागात. पहिला वेल्श भाषा कायदा १९६७ चा. वेल्श विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला तो १९८८ च्या शिक्षण कायद्यामुळे.

ज्यांच्या घरी वेल्श बोलली जात नव्हती असे कितीतरी पालक मुलांना या शाळांत घालत राहिले, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. विज्ञान, गणिताच्या संज्ञा घडवण्यात शिक्षकांनी हात घातला आणि वेल्श हा केवळ तासापुरता विषय न राहता शिकण्याचे माध्यम झाली. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, पण विषय म्हणून. वेल्सचा दाखला देताना हा फरक लेखात यायला हवा होता.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा