मनूच्या सिझरआधी

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

तारीख अनंत चतुर्दशीच्या आत घेता आली तर पितृपक्ष टळेल, असं बाबा काल म्हणाले. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ठरलेल्या बुधवारी मनूला ३९ आठवडे आणि २ दिवस होतात. ११ दिवस अलीकडे आलो तर ३७ आठवडे आणि ५ दिवस. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात असे बदल होतात की ते पाणी शोषलं जायला लागतं. ठरवून केलेल्या सिझरमध्ये कळा येतच नाहीत, म्हणून फुप्फुसं जितकी तयार तितकं बरं. ३९ आठवड्यांच्या आत असं काढलेल्या बाळांना जन्मल्यावर धाप लागण्याचं प्रमाण जास्त असतं. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात, पण ते दिवस काचेच्या पेटीत, ऑक्सिजनवर आणि आईपासून लांब जातात. पितृपक्षासाठी हे ओढवून घ्यायला मी तयार नाही. बाबा, मुहूर्त बारशाचा काढा, तो बारा दिवसांचा की सव्वा महिन्याचा हे तुम्हीच ठरवा.

सिझर का, हे शेजारी विचारणारच. बाळ पायाळू आहे, ढुंगण खाली आणि डोकं वर. नेहमीच्या बाळंतपणात सगळ्यात मोठा भाग, म्हणजे डोकं, आधी बाहेर येतं आणि बाकीचं मागून सुटतं. इथे डोकं शेवटी येणार आणि तेच अडकायची भीती. पहिलटकरणीला तो धोका घ्यायला डॉक्टर सहसा राजी नसतात. (पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. पोट उघडून काढलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही, हा वाद विहीर खणायला घ्याल तेव्हा घाला.)

बुधवारची वाट बाळ बघेलच असं नाही. ठरवलेल्या सिझरपैकी साधारण दहातल्या एकीला ३९ आठवड्यांच्या आत कळा लागतात. तेव्हा मनूची पिशवी आजच भरून दाराशी ठेवा. कळा आल्या किंवा पाणी गेलं तर खाणंपिणं तिथेच थांबवा आणि सिव्हिल हॉस्पिटलला फोन करून लगेच निघा. पाणी जाणं पायाळू बाळात जास्त जोखमीचं, कारण खाली डोक्याचं बूच नसल्यामुळे नाळ निसटून पुढे येऊ शकते. गाडीत तिला बसवू नका, डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली उशी द्या. नाळ हाताला लागली किंवा दिसली तर ती आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकवून ढुंगण वर, अशा स्थितीत तिला ठेवा आणि फोनवर ‘नाळ आली आहे’ एवढंच सांगा, तिकडे ओटी, म्हणजे ऑपरेशनची खोली, तयार होईल. गाडीसाठी १०२ लावा, नाही लागला तर १०८.

आदल्या रात्री आठपर्यंत हलकं जेवण, पोळी-भाजी किंवा वरण-भात. त्यानंतर घास नाही. दुधाचा चहाही अन्नात धरतात, म्हणून सकाळचा चहा नाही. साधं पाणी मात्र ओटीत नेण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, ती वेळ सिस्टर सांगतील. आई, ‘रिकाम्या पोटी चक्कर येईल, दोन बिस्किटं खा’ हे तुझं नेहमीचं या दिवशी करू नकोस. गरोदरपणात जठराचं तोंड सैल असतं, आणि गरज पडून पूर्ण भूल द्यावी लागली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. त्यासाठी पोटातलं आम्ल कमी करायचं औषधही देतात.

रात्री साबणाने आंघोळ, केस धुऊन कोरडे. पोटाखालचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात आणि त्यातून टाके पिकायला वाट मिळते. गरज असली तर तिकडे यंत्राने कापतील. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावायचं यंत्र नखातून ऑक्सिजन मोजतं. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या घरीच ठेवा. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या आई हाताने काढून ठेवेल, त्या सिस्टरने कापायची वेळ येऊ देऊ नका.

बाळासाठी चार झबली, दोन टोपडी, लंगोटांचा गठ्ठा आणि तीन सुती दुपटी, सगळी एकदा धुऊन वाळवलेली. नवीन कोरं काहीच नको. मनूसाठी समोरून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, कमरेला न रुतणाऱ्या मोठ्या चड्ड्या, चपला आणि एक छोटी उशी. उशी कशाला ते पुढे सांगते. कागदांमध्ये तपासण्यांची फाईल, रक्तगटाचा रिपोर्ट आणि आधार. सिव्हिलमध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरून ने-आण मोफत आहे. संमतीपत्रावर सही मनूची. जावईबापू येईपर्यंत थांबायला नको.

वेळेबद्दल एक सांगून ठेवते. यादीत तिचा नंबर दुसरा असला तरी मध्येच एखादी अडलेली बाई आली तर तिला आधी घेतात, आणि तसंच व्हायला हवं. उशीर दोन-तीन तासांच्या वर जाऊ लागला तर बाबांनी सिस्टरना शांतपणे विचारावं, पाणी द्यायचं की सलाईन लावायचं. भांडू नका.

आत काय होतं ते सांगते. हाताला सुई, पोट उघडण्याआधी जंतुसंसर्ग टाळायचं इंजेक्शन, लघवीची नळी. मग तिला बसवून पाठ मांजरीसारखी गोल करायला सांगतात आणि कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने भूल देतात. औषध दोन मिलीच्या आसपास, पण पाच-दहा मिनिटांत पाय जड होतात आणि बधिरपणा छातीपर्यंत चढतो. त्या वेळी रक्तदाब उतरतो, मळमळतं, घाबरल्यासारखं होतं. म्हणून तिला थोडं डावीकडे कलतं झोपवतात आणि औषध लगेच देतात. तिने फक्त ‘मळमळतंय’ एवढं तोंडाने सांगायचं, सोसत बसायचं नाही. चिमटा काढून बघितल्याशिवाय कुणी सुरी लावत नाही. दुखणार नाही, पण ओढल्यासारखं, पोटात कुणी हात घालून शोधतंय असं जाणवेल. हे तिला आधीच सांगा. बायका घाबरतात त्या ‘भूल उतरली’ असं वाटून.

काप ओटीपोटाच्या तळाशी, आडवा, वीतभराहून कमी. पोटाचे स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. बाळ पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं, आधी ढुंगण, मग पाय, हात आणि शेवटी डोकं. नाळ मिनिटभर थांबून बांधतात, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं. बाळाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. पुढचा अर्धा-पाऊण तास वार काढून एकेक थर शिवण्यात जातो. या वेळात बाहेर बाळ दाखवून आत मनूबद्दल कुणी काही बोलत नाही, तर घाबरू नका. अर्धा लिटर किंवा थोडं जास्त रक्त जाणं सिझरमध्ये नेहमीचं. लिटरच्या वर गेलं तर जास्त, आणि त्यासाठीच रक्ताची जुळणी आधी करून ठेवायची.

बाहेर आल्यावर ती थरथरेल. थंडी नव्हे, भुलीचा परिणाम असतो, पांघरूण पुरे. पाय दोन ते चार तासांत हलू लागतील. ‘मणक्यात सुई दिली की जन्मभर कंबर दुखते’ हे खरं नाही. भुलीने होणारी खरी तक्रार वेगळी: बसलं की कपाळ फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, असं डोकं शंभरात एखादीला दुखतं. त्याला उपाय आहे, पण ते सांगायला हवं.

बाळ तासाभरात छातीला. ती आडवी असतानाही लावता येतं, सिस्टरना मदत मागा. पहिले तीन दिवस चीकच येतो, थेंब थेंब, आणि बाळाला तेवढाच पुरतो. सिझरनंतर दूध भरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. ‘दूध नाही’ म्हणून मध, गुळपाणी, घुटी काही चाटवायचं नाही. मधात असे जंतू असू शकतात की वर्षाच्या आतल्या बाळाला त्याने लकवा होतो. आई, आत्याबाई बोटावर मध घेऊन येतील. त्यांना थांबवायचं काम तुझं, मनूचं नाही.

आता जेवणाचं, कारण तुमच्याशी खरा वाद इथेच होणार. टाके भाताने पिकत नाहीत, पाण्यानेही नाहीत. जंतू गेले तर पिकतात. पाणी तोडलं तर लघवी जळते, शौचाला घट्ट होतं आणि दूधही मागे पडतं. डॉक्टर हो म्हणाले की काही तासांत घोट घोट पाणी, मग पेज, मऊ वरण-भात, दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं जेवण. अंडी, डाळी, पालेभाजी, ताक सगळं. अळिवाची खीर आणि बाळंतशेपा खुशाल दे. डिंकाचे लाडू मात्र पहिल्या शौचानंतर, आणि दिवसाला एक.

उठणं सगळ्यात महत्त्वाचं. बाळंतिणीने पडून राहायचं हा नियम सिझरला लावलात तर नुकसान होईल. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि पायात गाठ झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तिला उठवतील. आधी कुशीवर, मग हाताच्या जोरावर बसतं, पाय खाली सोडून पाच मिनिटं, मग दोघांनी धरून उभं. पहिल्या वेळी चक्कर येते, तेव्हा एकटीला संडासात पाठवू नका. खोकला, शिंक, हसू आलं की ती छोटी उशी टाक्यांवर दाबायची. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर ती चालणार नाही.

तीन-चार दिवसांत घरी. खाटेखाली शेगडी आणि धुरी नको, त्या धुरात बाळाला कोंडायचं नाही. पाठ, हात, पाय चोळा, पोट नको. पट्टा बांधायचा तर आधारापुरता, पोट आत जाईल म्हणून आवळून नाही. जखमेवर हळद, तूप काही लावू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावर साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी ठेवायची. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची कळशी तर नाहीच.

यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं: तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, लिंबाएवढ्या गाठी पडणं, १००.४ च्या वर ताप, जखम लाल होऊन पू येणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, किंवा डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी. शेवटचं रक्तदाबाचं लक्षण आहे आणि बाळंतपणानंतरही होतं. अंगावरून चार-सहा आठवडे थोडं थोडं जाणं मात्र नेहमीचं.

घरी सोडताना मिळणारं कार्ड बाबांनी जपून ठेवावं. गर्भपिशवीवरचा छेद आडवा की उभा हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पुढच्या खेपेला सिझरच करायचं का, हे बरंचसं त्यावर ठरतं. बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरेल, दोन आठवड्यांत परत यायला हवं. आणि पायाळू बाळांच्या खुब्याचे सांधे कधी कधी सैल असतात, म्हणून सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यायची. तोवर पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळू नका, मांड्या फाकलेल्या राहू द्या. आई, बाळ गुंडाळताना हे तेवढं लक्षात ठेव.

मी मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघते, बुधवारी सकाळी थेट वॉर्डात येईन.

तुमची,
थोरली