ताई, तुम्ही पायरीवर बसलात

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पारोळ्याकडचे कापूसवाले आप्पा म्हटलं की तुम्हाला आठवेलच.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं आप्पा चौदा दिवस ऑक्सिजनवर होते. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर २५ पैकी १६; जितका जास्त तितकं फुप्फुस बिघडलेलं. वाचले, घरी आले, आम्ही दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुढे त्या दवाखान्यातून कुणी विचारलंही नाही. सोबत गोळ्यांची पिशवी आणि तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. ते ओढायचं की फुंकायचं, कोणी सांगितलं नाही. आप्पा दोन महिने फुंकत बसले. चेंडू जागचे हलेनात, आणि आपली फुप्फुसंच गेली असं म्हातारा धरून चालला. बिल समजावून सांगायला मात्र माणूस होता!

नंतर ज्यांना दाखवलं त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आलं. "नॉर्मल आहे, मनातून काढून टाका." अहो, खुर्चीत बसलेल्या माणसाचं ९७. गोठ्यापर्यंत गेले की खांब धरून उभे राहायचे, ते कोण बघणार?

तुम्ही पहिल्याच दिवशी त्यांना चालवलंत. धुळ्याच्या त्या व्हरांड्यात, सहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला आप्पा थांबले. आकडा ८७. मान खाली घातली त्यांनी. आयुष्यभर औत हाकलेला माणूस, माझ्याकडेही बघेना.

तुम्ही घड्याळ बंद केलं नाहीत. डॉक्टरच्या कोटासकट त्या धुळकट पायरीवर बसलात आणि म्हणालात, "दम लागस ना आप्पा? बठा. मी बी बठस. घड्याळ चालूच शे, बठनं बी त्यामाच धरतस."

आप्पा बसले. दवाखान्यात कोणी आपल्याशी अहिराणीत बोलेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. परत उठून उरलेला वेळ चालले.

मग ते यंत्र सुलटं झालं. गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठ आवळून श्वास सोडायला शिकवलंत. फुप्फुसाचं थोडं भरून येईल, थोडा व्रण राहील, हेही लपवलं नाहीत. दर तपासणीला चालवून आकडा बघत होतात. गोळ्या, एक्सरे, ते सगळं झालंच. पण घरी आप्पा सांगतात ते पायरीचंच, आल्या-गेल्याला, दर वेळी थोडं वाढवून. आता त्यात तुम्ही चहाही पाजला आहे.

हुशार डॉक्टर आम्हाला बरेच भेटले, ताई. आजाऱ्याच्या उंचीला येऊन बसणारं कोणी भेटलं नव्हतं.

काल आप्पा एकटेच विहिरीकडे निघाले. निंबाखाली बसलेले दिसले, तसा मी धावत सुटलो. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"पळू नको रे भाऊ. घड्याळ चालू शे."

भरताची वांगी पाठवतोय. नाही म्हणू नका.