एका नकाराची किंमत

बारावीतल्या माझ्या मुलीने परवा संगणकासमोर बसून तीन तास संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ऑनलाइन खेळ खेळला. तिच्या वाट्याला रशिया आला होता. 15 सदस्य, ठरावाला 9 मते हवीत आणि 5 कायम सदस्यांपैकी एकाचा नकारही तो पाडायला पुरे, हे आम्हीही घोकले होते. पण 14 मते मिळालेला ठराव आपल्या एका नकाराने पडला, तेव्हा ती स्वतःच ओशाळली! जेवतानाही तोच वाद चालू.

पुण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी राज्यशास्त्राच्या तासाला असा ऑनलाइन खेळ सत्रातून एकदा तरी घ्यावा. मात्र भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. नाहीतर सगळ्यांनाच भारत व्हायचे असते. आणि चर्चा मराठीतही होऊ द्या. सध्या फाडफाड इंग्रजी बोलणाराच मुत्सद्दी ठरतो.

– एक पालक, कोथरूड, पुणे