‘कान अजून खालीच आहे, मॅडम’

ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) मदतनीस मामांना,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी भूल देताना श्वासनलिकेत ट्यूब सहज गेली, त्याची शाबासकी सरांनी मला दिली आणि मी ती मुकाट्याने घेतली. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

पेशंट 136 किलोंचा, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 48. मी डोक्याखाली नेहमीची उशी सरकवली आणि औषधं भरायला वळले. तुम्ही टेबलाच्या बाजूला जाऊन जरा वाकून बघितलंत आणि हळूच म्हणालात, ‘कान अजून खालीच आहे, मॅडम.’

मी तिथे येऊन पाहिलं. खरंच! डोकं उचललं होतं, पण पाठ सपाटच. हनुवटी छातीला टेकलेली, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून ट्यूब घालायच्या उपकरणाचा) दांडा छातीवरच अडला असता. कानाचं भोक आणि गळ्याखालची, छातीच्या हाडावरची खोबण एका आडव्या रेषेत यायला हवी, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण डोक्याकडे उभं राहून ती रेषा दिसतच नाही, हे पुस्तकात कुठे होतं?

मग तुम्ही चादरींच्या घड्या रचल्यात: खांद्याच्या पात्यांपासून डोक्यापर्यंत चढत जाणारा उतार. टेबलाची पाठ साधारण 25 अंश वर. हे सगळं पेशंट जागा असताना, त्यालाच थोडं उठायला सांगून. भूल दिल्यावर 136 किलो कोण उचलणार? हात ठेवायच्या फळ्याही तेवढ्याच उंच केल्यात, नाहीतर खांद्याच्या नसा ताणल्या गेल्या असत्या. मला हे सुचलंही नव्हतं.

‘आता दम लागत नाही,’ असं पेशंट स्वतःहून म्हणाला. आडवं झाल्यावर पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं, फुप्फुसातला ऑक्सिजनचा साठा कमी पडतो आणि भुलीने श्वास थांबला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, झरझर उतरतं. त्या उतारावर मास्क धरून उच्छ्वासातला ऑक्सिजन 90 टक्क्यांवर नेला, मग औषध दिलं. कॉर्ड्स (स्वरतंतू) स्वच्छ दिसल्या, ट्यूब पहिल्याच प्रयत्नात गेली. सॅच्युरेशन 97 च्या खाली आलं नाही.

शेवटी ट्यूब काढायच्या आधी तुम्ही न सांगता पुन्हा त्याच चादरी घेऊन हजर!

उद्याची पहिली केस 118 किलोंची आहे. चादरी मी आजच मोजून ठेवल्यात. बाजूला उभं राहून बघायला मात्र तुम्हीच या.

तुमची,
भूलशास्त्राची पहिल्या वर्षाची रेसिडेंट