हलव्याचे दागिने ओवायचे, चिकटवायचे नाहीत

पुणे,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा आलं. सूनबाईची पहिली संक्रांत म्हणून तुझी चाललेली लगबग अक्षरातसुद्धा दिसत होती. काळी साडी घेऊन झाली, हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरलं, आणि दागिन्यांचं मात्र अडलंय. बाजारात तयार संच बघून आलीस आणि मला विचारतेस, घेऊन टाकू की घरी करू?

घरीच कर. तुला वेळ नाही हे मला माहीत आहे, तरीही सांगते.

तू लिहिलंस तो संच कसा असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. सोनेरी कागद लावलेला पुठ्ठा, त्यावर गोंदाने बसवलेला हलवा, कडेला चकचकीत खडे. दिसायला छान असतो. पण हलव्याचा दागिना हा खायचा दागिना आहे गं. दुपारी सुनेच्या अंगावर आणि रात्री घरातल्या पोरांच्या तोंडात, एवढंच त्याचं आयुष्य. गोंद लागला की तो खाता येत नाही. मग तो फोटोपुरता राहतो, कपाटात पडतो, आणि पावसाळ्यात ओल धरली, मुंग्या आल्या की कचऱ्यात जातो. कोणीतरी दिवसचे दिवस बोटं भाजून घेत केलेला पदार्थ असा फेकला जावा, हे मला खरंच बघवत नाही.

तर आपण काम वाटून घेऊ. हलवा मी करून पाठवते, ओवायचं काम तुमचं. रत्नागिरीत हलवा करायच्या भानगडीत तू पडू नकोस. हलव्याला कोरडी थंडी लागते. समुद्राच्या दमट हवेत पाक वाळत नाही, दाणे एकमेकांना चिकटतात, आणि काटा आलाच तरी बोथट राहतो. इथे सध्या पहाटे चांगली बोचरी थंडी आहे, हलव्यासाठी अगदी हवी तशी.

सूनबाईने "हे काटे येतात तरी कसे?" असं विचारल्याचं तू लिहिलंस, ते वाचून फार बरं वाटलं. तिला हे पत्र वाचायला दे.

पांढरे तीळ, साबुदाणा, खसखस, बडीशेप, लवंग, वेलदोड्याचे दाणे, डाळं, मगजबी, शेंगदाणे, चुरमुरे, यातल्या कशाचाही हलवा होतो. साखर बुडेल इतकं पाणी घालून पाक उकळायचा. उकळी आली की चमचाभर दूध सोडायचं, म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक फडक्यातून गाळायचा. एकतारी हवा, त्यापुढे जाऊ द्यायचा नाही. मग परातीत मूठभर साबुदाणा, खाली अगदी मंद आच. आमच्या सासूबाई शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून मग वर परात ठेवायच्या. मी गॅसवर जाड तवा ठेवते आणि त्यावर परात. अर्धा चमचा पाक घालायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे. ते कोरडे होऊन बोटांखाली खुळखुळायला लागले की पुढचा अर्धा चमचा.

एवढंच करायचं असतं, पण ते तासन् तास. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, दाणा जरासा पांढुरका होतो इतकंच. रात्री परात पातळ फडक्याने झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. हळूहळू दाण्याच्या अंगावर बारीक उंचवटे दिसू लागतात. दाण्यावर जो भाग जरा वर आलेला असतो त्याला पाक आधी लागतो, तिथे तो आधी वाळतो, आणि त्या जागी साखरेचा आणखी एक कण बसतो. असं होत होत उंचवट्याचा काटा होतो. घाई करून पाक जास्त ओतला तर दाण्यांचे गोळे होतात. आच मोठी झाली तर वर आलेले काटे विरघळून जातात. म्हणून हात थांबवायचा नाही आणि पाकही पळवायचा नाही.

गेल्या वर्षी माझी भाची जपानहून आली. ती इथेच पुण्यात जपानी शिकली, तिकडे क्योटोला होती. तिने एक पुडी आणली. उघडून बघते तर आपला हलवाच! तसेच गोल दाणे, तसेच काटे, फक्त गुलाबी, हिरवे, पिवळे. ते त्याला कोंपेइतो म्हणतात. तिकडे ही मिठाई पोर्तुगीजांनी नेली. १५६९ साली लुईस फ्रोइस नावाच्या पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बाटलीत भरून ती भेट दिली होती. पूर्वी आत खसखशीचा दाणा असे. आता तापलेल्या, तिरक्या, फिरत्या मोठ्या कढईत थोडा थोडा पाक ओतत जवळजवळ दोन आठवडे एकेक दाणा वाढवतात. मला त्या पुडीचं इतकं अप्रूप वाटलं की मी बराच वेळ एकेक दाणा तळहातावर घेऊन बघत बसले. इतक्या दूरच्या देशात कोणीतरी असंच चमचा चमचा पाक घालत धीराने बसलेलं असतं!

आता तुमचं काम. मी तिळाचा बारीक, साबुदाण्याचा मध्यम आणि शेंगदाण्याचा मोठा असा तीन मापांचा हलवा पाठवेन. थोडा चुरमुऱ्यांचाही, तो कानातल्यांसाठी. हलवा अंगावर घातला की चांगला जड लागतो, आणि झुमके शेंगदाण्याच्या हलव्याचे केले तर पोरीचे कान ओघळतील. चुरमुऱ्याचा हलका असतो. थोडा केशराचाही करते, पांढऱ्यामध्ये कुठेकुठे पिवळा दाणा आला की दागिना उठून दिसतो.

हलव्याला सुई टोचायची नाही, दाणा फुटतो. पांढरा सुती दोरा दुहेरी घ्यायचा, दोन पदरांमध्ये एक दाणा धरायचा, लगेच गाठ मारायची, मग पुढचा दाणा, पुन्हा गाठ. दोरा काट्यांच्या खाचेत बसतो म्हणून दाणा निसटत नाही. काटा चांगला हवा म्हणून मी एवढी मागे लागते ते यासाठी. गुळगुळीत हलवा गाठीत टिकत नाही, म्हणून तर गोंदाची बाटली आली. अशा माळा आधी भरपूर करून ठेवा आणि मगच दागिन्यांना हात घाला.

बांगड्या, पाटल्या, तोडे यांना जुन्या बांगड्या घ्या. त्यांच्यावर काळी कापडी फीत घट्ट गुंडाळून वर माळ ठेवायची, आणि दर दोन गाठींमध्ये एक टाका कापडात घ्यायचा. हार, तन्मणी, कंबरपट्टा यांना पुठ्ठा लागतोच. त्याला दोन्ही बाजूंनी काळं कापड शिवून घ्या, म्हणजे साखर अंगाला लागणार नाही, घाम आला तरी चिकचिक होणार नाही. कंबरपट्ट्याचं माप साडी नेसवून घ्यायचं, नुसत्या कमरेचं नाही. मंगळसूत्राला खरे काळे मणी घ्या, दोन मण्यांमागे एक हलव्याचा दाणा, आणि वाट्यांच्या जागी शेंगदाण्याचे दोन टपोरे दाणे. नथ पातळ तारेवर, तिळाच्या हलव्याची, मधोमध एक लाल मणी. सगळ्यात जास्त वेळ नथ खाते, ती तू स्वतः कर. तुझा हात बारीक कामाला चांगला आहे. शाळेत भरतकामाच्या तासाला सगळ्या मुलींच्या पुढे तुझाच रुमाल असायचा.

लेकालाही विसरू नकोस. त्याच्यासाठी एक हार, एक अंगठी आणि हलव्याने मढवलेला नारळ. नारळाला आधी काळं कापड शिवून घ्यायचं आणि मग त्यावर माळा गोल गोल फिरवत टाके घालायचे. सूनबाईच्या आईला हे सारं हौसेने करायचं असेल तर तिलाही बोलावून घे. दोन दुपार तुम्ही तिघी अंगणात एकत्र बसलात की सगळं होईल. सूनबाईला "तू नवी, तू बस" असं म्हणू नकोस. एक बांगडी तरी तिच्या हातून होऊ दे.

रात्री कात्री घेऊन एकेक गाठ तोडायची. दाणे मोकळे होतात, स्वच्छ असतात, खायला घेता येतात. कापडाचे पट्टे आणि फिती धुऊन ठेवून दे. पुढे घरात नातवंड आलं की बोरन्हाणाला त्याच पट्ट्यांवर मुकुट, बासरी, बाजूबंद, वाळे करता येतील.

आमच्या सासूबाई वाड्यातल्याच नाही, आजूबाजूच्या पेठांतल्या घरांसाठीही हलवा करत. त्यांना त्याचे थोडेफार पैसे मिळत, आणि ते पूर्णपणे त्यांचे असत. नणंदेच्या शाळेची फी कित्येकदा त्यातून गेली. पुण्यात अशा कितीतरी बायकांनी संक्रांतीच्या महिना-दीड महिन्यात हलवा आणि दागिने करून संसाराला हातभार लावला, आजही लावतात. म्हणून माझा हलवा कमी पडला तर घरी हलवा करणारी एखादी बाई शोध आणि तिच्याकडून घे. ती जो भाव सांगेल तो दे, घासाघीस करू नकोस. परातीसमोर एक दिवस बसून पाहिलेल्या माणसाला तो भाव कमीच वाटेल.

वाणाबद्दलही विचारलंस. प्लॅस्टिकचे डबे नकोत. प्रत्येकीच्या घरी ते ढिगाने असतात. तुझ्या जुन्या इरकली आणि पैठणीच्या काठांचे बटवे शिव. आत अस्तर, वर ओढायची नाडी, आणि बटव्यात मूठभर तिळगूळ. पंचवीस-तीस बटवे दुपारच्या फावल्या वेळात सहज होतात, आणि बाई तो पर्समध्ये वर्षानुवर्षं वापरते.

हलवा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांतून पाठवेन, आत बटर पेपर घालून. आला की डबे उघडे ठेवू नका. ओवायला बसाल तेव्हा लागेल तेवढाच वाटीत काढा आणि पंखा मंद ठेवा. तयार दागिनेही त्याच डब्यांत, एकावर एक न ठेवता, मध्ये कागद घालून. हळदीकुंकू तुम्ही रथसप्तमीपर्यंत कधीही करू शकता, त्यामुळे संक्रांतीच्याच दिवशी सगळं उरकायचा हट्ट धरू नकोस. सूनबाईला सुट्टी कधी आहे ते बघून रविवार धर.

मला चार गोष्टी लवकर कळव. सूनबाईच्या मनगटाचं माप, तिचे कान टोचलेले आहेत की चापाचे झुमके लागतील, नाक टोचलंय का, आणि लेकाच्या हाराची लांबी. माप दोऱ्याने घेऊन तो दोराच पाकिटात टाक, म्हणजे घोळ नको. साबुदाणा मी काल निवडून ठेवला, सोमवारपासून परात चढवते. नाताळच्या सुट्टीत माझा भाचा गणपतीपुळ्याला येणार आहे, त्याच्याबरोबर डबे येतील. तो कोणत्या गाडीने निघतोय ते फोनवर सांगेन. स्टँडवर कोणालातरी पाठव.

भावोजींना नमस्कार, सूनबाईला आणि लेकाला अनेक आशीर्वाद.

तुझीच,
मंदा

ता. क. काळे मणी तिकडे चांगले मिळत नसतील तर लिही, तुळशीबागेतून घेऊन डब्यात घालते.